मार्क ब्रॅडफर्ड यांच्यासारखं थरांचं कोलाज: थर उलगडत नाहीत, सोलून निघतात

कात्रणवही

अमेरिकन चित्रकार मार्क ब्रॅडफर्ड यांच्या कामात वरचा कागद घासला की खालचे रंग रेषारेषांनी वर येतात. ते नेमकं कसं साधतं, याची तांत्रिक माहिती हवी आहे. सध्याची कृती अशी आहे: ६ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी), आकार ६० × ९० सेंमी. त्यावर कागदाचे १२ थर, निम्मे मासिकांचे गुळगुळीत कागद, निम्मी छापील पोस्टरं. गोंद पांढरा पीव्हीए, पाणी न घालता, ब्रशने. दोन थरांमध्ये दीड-दोन तास. शेवटच्या थरानंतर दुसऱ्या दिवशी ऑर्बिटल सँडर (सँडपेपर बारीक गोल फिरवत घासणारं विजेचं यंत्र), ८० नंबरचा सँडपेपर.

अडचणी तीन. सँडपेपरवर मिनिटाभरात रबरासारख्या गुठळ्या चढतात. घासताना एकेक थर उघडा पडण्याऐवजी चार-पाच थरांचा पापुद्रा एकदम सुटतो, किंवा थेट लाकूडच दिसतं. आणि बोर्ड पुढच्या बाजूला ताटासारखा खोलगट झाला आहे.

आणखी एक. ब्रॅडफर्ड यांच्याबद्दल कुठेही वाचलं तरी आईच्या केशकर्तनालयाचा उल्लेख येतोच. त्या पार्श्वभूमीचा पद्धतीशी खरंच संबंध आहे, की तो चरित्रातला केवळ रंजक तपशील?

पापुद्रा

संबंध आहे, आणि तो नीट पाहिला तर तुमच्या पहिल्या दोन अडचणींचं मूळही सापडतं.

ब्रॅडफर्ड यांचा जन्म १९६१चा, लॉस एंजेलिसचा. आईचं केशकर्तनालय त्याच शहरातल्या लायमर्ट पार्कमध्ये होतं आणि ते स्वतःही तिथे केस करायचं काम करत. कॅलआर्ट्समधून (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स) १९९५ साली पदवी आणि १९९७ साली पदव्युत्तर पदवी. सुरुवातीच्या मोठ्या कामांत त्यांनी वापरला तो 'एंड पेपर', म्हणजे केस कुरळे करताना केसांची टोकं गुंडाळायला घेतात तो लहान, अर्धपारदर्शक कागद. २००१ साली न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियममधल्या 'फ्रीस्टाइल' प्रदर्शनातून ते चर्चेत आले ते याच कामांमुळे.

हा कागद असतो कसा ते बघा. केसांवर लावायचं द्रावण त्यातून आरपार जावं लागतं, म्हणून तो सच्छिद्र असतो आणि ओला झाला तरी फाटत नाही. कोलाजसाठी याहून सोयीचा कागद नाही. गोंद दोन्ही बाजूंनी मुरतो, खालचा रंग वरूनही दिसतो. चौकोन लहान असल्यामुळे मोठं चित्र भरायचं तर जाळी आपोआपच तयार होते. ब्रॅडफर्ड त्याच्या कडा जाळून काळसर करत, म्हणजे प्रत्येक चौकोनाला स्वतःची रेघ मिळे. त्या चित्रांतली जाळी कागदाच्या मापातून आली आहे. तो माल रोज हाताळलेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

तुमचा मासिकाचा कागद याच्या बरोबर उलट आहे. त्यावर चिनी मातीचा लेप असतो. गोंद त्या लेपाला धरतो, कागदाच्या तंतूंना धरत नाही. सँडरचा हादरा बसला की लेप कागदापासून सुटतो आणि वरचे सगळे थर एकसंध पापुद्र्यासारखे उचलले जातात. सुटलेल्या पापुद्र्याची खालची बाजू नखाने खरवडून पाहा. पांढरी पूड निघाली तर गोंद दोषी नाही, लेप फाटला आहे.

पुढे ब्रॅडफर्ड रस्त्यावरच्या कागदाकडे वळले. जाहिरातफलकांचे कागद, आणि त्यांच्याच वस्तीत कुंपणांवर लागणाऱ्या छोट्या धंद्यांच्या जाहिराती, ज्यांना ते 'मर्चंट पोस्टर' म्हणतात. हे कागद उघड्यावर टिकण्यासाठी बनवलेले, जाड आणि चिवट. म्हणूनच त्यांच्यावर सँडर चालवता येतो.

खळ_आणि_कागद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आता सँडपेपर आणि गोंदाकडे येऊ.

आधी आकडे मांडून पाहा. मासिकाचं पान सुमारे ०.०७ मिमी जाड, साधा ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद सुमारे ०.१ मिमी. तुमचे १२ थर मिळून १ मिमीच्या आसपास झाले. पी ८०, म्हणजे ८० नंबरच्या, सँडपेपरच्या कणाचा सरासरी आकार ०.२ मिमी असतो. म्हणजे एकेक कण दोन-तीन पानांच्या जाडीएवढा. तो एका थरावर थांबणार कसा? पी १२० चा कण सुमारे ०.१२५ मिमी, पी १८० चा ०.०८, पी २४० चा ०.०६. थर दिसायला हवे असतील तर पी १८० ने सुरुवात करा आणि जिथे खोल जायचं तिथेच पी १२० घ्या. पी ८० वापरायचा तर थर २५-३० हवेत आणि कागद जाड हवा. ब्रॅडफर्ड यांची चित्रं कित्येक मीटर रुंद असतात आणि लांबून बघितली जातात. तिथला राकट ओरखडा ६० × ९० वर आणला की त्याची नुसती जखम दिसते.

गुठळ्यांचं कारण पीव्हीए. तो उष्णतेने मऊ होतो. सँडर फिरला की घर्षणाने पृष्ठभाग तापतो, गोंद पाघळतो आणि कागदाच्या भुशाला घेऊन सँडपेपरवर बसतो. अ‍ॅक्रिलिक मिडियमचंही (रंग नसलेलं अ‍ॅक्रिलिक, गोंदासारखं वापरतात ते) तेच. गव्हाच्या स्टार्चची खळ किंवा मिथाइल सेल्युलोज (पूड पाण्यात विरघळवून करायचा गोंद) वाळल्यावर तापवलं तरी मऊ होत नाही, त्याची पूड होते. घासायच्या कामाला हीच जात हवी.

मिथाइल सेल्युलोज करायची पद्धत: १ लिटरसाठी ३० ग्रॅम पूड. हे गरम पाण्यात विरघळत नाही, थंड पाण्यात विरघळतं, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. थेट थंड पाण्यात टाकलं तर बाहेरून जेली आणि आत कोरडी पूड अशा गाठी होतात. आधी ३०० मिली पाणी ८० अंशांच्या वर तापवा, पूड शिंपडत ढवळा. ती फक्त पसरेल, पाणी दुधासारखं दिसेल. मग ७०० मिली थंड पाणी ओता आणि थंड होईपर्यंत अधूनमधून ढवळा. रात्रभर ठेवलं की काचेसारखं नितळ होतं.

नुसतं मिथाइल सेल्युलोज दुबळं पडतं, विशेषतः छापील कागदावर. म्हणून ७ भाग ते आणि ३ भाग पीव्हीए, मापाने. यापेक्षा पीव्हीए वाढवला की गुठळ्या परत सुरू होतात. सँडरचा वेग सर्वांत कमी ठेवा, एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका आणि वरून दाब देऊ नका, यंत्राचं वजन पुरतं.

वाळण्याबद्दल. दोन तासांत वरचा थर वाळतो, खालचा वाळत नाही. वरून वाळलेला पीव्हीए ओल आत कोंडून धरतो. तीन-तीन थरांमागे पूर्ण दिवस जाऊ द्या, आणि सगळे थर झाल्यावर किमान आठवडा. तपासायला पालथा हात टेकवा. ओलसर भाग आजूबाजूपेक्षा थंड लागतो. शंका असेल तर ३० सेंमी चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी पट्टीने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून धुकं दिसलं तर थांबा.

उभाआडवा

७:३ चं प्रमाण घासायला चांगलं, पण एक दुरुस्ती. अगदी तळाचे दोन थर जास्त पीव्हीएने, निम्मं-निम्मं प्रमाण ठेवून चिकटवा. तिथे सँडर पोचू द्यायचाच नाही, आणि तळ घट्ट धरला नाही तर वरचं सगळं वाया जातं.

बोर्ड वाकण्याचं कारण पाणी. ओला कागद पसरतो, पसरलेल्या अवस्थेत चिकटतो आणि वाळताना आकसतो. बारा वेळा तीच ओढ एकाच बाजूला. ६ मिमी एमडीएफ ती सोसू शकत नाही. १२ मिमी प्लायवुड घ्या, मागे १८ × ४० मिमीच्या पट्ट्यांची चौकट चिकटवा आणि मधे दर ४० सेंमीवर एक आडवी पट्टी. लाकडाला आधी सर्व बाजूंनी अ‍ॅक्रिलिक मिडियमचे दोन हात द्या, नाहीतर लाकडातला पिवळा अंश पाण्याबरोबर वर येऊन फिकट कागदावर डाग पाडतो. कॅनव्हास ताणून घेतला तर सँडरखाली तो झोळीसारखा दबतो आणि मागच्या चौकटीच्या कडा चित्रावर उमटतात. कॅनव्हासच हवा असेल तर तो प्लायवुडवर चिकटवून घ्या.

कागदाची दिशाही सांभाळा. कारखान्यात कागदाचे तंतू एका दिशेने लागतात. ओला झाला की कागद त्या दिशेला आडवा जास्त पसरतो. ओळखायला सोपं: ५ सेंमीचा चौकोन एका बाजूने ओला करा. तो गुंडाळी होऊन वळतो. गुंडाळीचा अक्ष ती तंतूंची दिशा. शक्य तितके थर एकाच दिशेत लावा, आणि मागच्या बाजूला त्याच दिशेत, त्याच गोंदाने निम्मे थर साध्या कागदाचे लावा, म्हणजे दोन्हीकडची ओढ जुळते.

सध्याचा वाकलेला बोर्ड टाकून देऊ नका. मागची बाजू घासून एमडीएफ उघडं करा, ओल्या स्पंजने पुसा, दोन-तीन थर जाड कागद लावा आणि सपाट फळीखाली वजनाने आठवडाभर दाबून ठेवा. सगळा बाक जाणार नाही, पण चौकट लावण्याइतका सरळ होईल.

सुरकुत्यांचं विचारलं नाहीत, तरी नवा कागद घेतलात की त्या येणारच. गोंद लावून लगेच ठेवू नका. गोंद लागल्यावर कागद आधी वेडावाकडा होतो, मग दोन ते पाच मिनिटांत सैल पडून सपाट होतो. तो सैल पडल्यावरच उचला, मधून कडांकडे ब्रशने बसवा. घाई केली तर कागद फळीवर गेल्यावर पसरतो आणि ती सुरकुती कायमची.

कात्रणवही

फार उपयोगी. सुटलेला पापुद्रा नखाने खरवडला, पांढरी पूडच निघाली. दोन प्रश्न उरतात. ब्रॅडफर्ड यांच्या चित्रांत नकाशातल्या रस्त्यांसारख्या बारीक, सलग रेषा असतात, त्या नुसत्या घासण्याने येत नाहीत. आणि कुठे कोणता रंग वर येईल याचा आधी अंदाज कसा घ्यायचा?

पापुद्रा

रेषा दोरीच्या. थरांच्या मधे दोरी किंवा फटी बुजवायचा कॉक वापरून उंचवटे करायचे, वर पुन्हा कागद चढवायचे, मग घासायचं. सँडर सपाट फिरतो, त्यामुळे उंचवटा आधी उघडा पडतो.

काय घडतं ते २ मिमीच्या सुती दोरीवर पाहा. तिच्यावरून कागदाचे सहा थर गेले की चार-पाच मिमी रुंदीची टेकडी तयार होते. माथा घासला की मधे दोरीचा पांढुरका धागा, दोन्ही बाजूंना आधी सर्वांत आतला थर, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा, अशा केसाएवढ्या रंगीत कडा. नकाशावर डोंगराभोवती समोच्च रेषा असतात ना, तोच प्रकार. ब्रॅडफर्ड यांची चित्रं विमानातून दिसणाऱ्या शहरासारखी वाटतात त्याचं एक कारण हे आहे. तिथे उंचसखलपणा खरोखर असतो आणि तो कापलेला असतो.

राहणारी दोरी गोंदात बुडवून, बोटांनी निपटून मगच लावा. कोरडी लावली तर तिच्या दोन्ही बाजूंना हवेची पोकळी राहते आणि सँडरखाली वरचा कागद फाटून लोंबतो. नायलॉन नको, त्याला या गोंदातलं काहीच धरत नाही. कॉक घ्यायचा तर रंग बसेल असा अ‍ॅक्रिलिक घ्या. सिलिकॉनवर कागद कधीच चिकटत नाही, आणि तो दोष सगळे थर चढवून झाल्यावरच कळतो.

दुसरा प्रकार दोरी ओढून काढण्याचा. त्यात रेष उंच न राहता पन्हळीसारखी खोल होते. ही दोरी मेणावरून ओढून घ्या, म्हणजे ती चिकटत नाही. एका टोकाला १० सेंमी शेपूट बाहेर ठेवा आणि वर दोन-तीनच थर द्या. ओढण्याची वेळ महत्त्वाची: कागद हाताला ओला लागत नाही पण चामड्यासारखा लवतो, साधारण चार ते सहा तासांनी. त्याआधी लगदा होतो, नंतर कडा करवतीसारख्या दातेरी फाटतात. दोरी पृष्ठभागाला लगटून, जवळजवळ आडवी ओढा. सरळ वर ओढली तर रुंद पट्टा उचलला जातो.

रंगांच्या अंदाजासाठी नमुनापट्टी करा. मोठ्या कामाच्या शेजारी १० × ४० सेंमीची फळी ठेवा. मोठ्या कामावर जो थर द्याल तोच, त्याच गोंदाने, त्याच दिवशी तिच्यावर द्या. फक्त प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा १ सेंमी आखूड. वाळल्यावर डावीकडे पायऱ्या दिसतात, म्हणजे थरांचा क्रम समोर राहतो. उजव्या टोकाला सगळे थर पूर्ण असतात. तिथे सँडर तिरका धरून उतार काढा. त्या उतारावर प्रत्येक रंगाची पट्टी किती रुंद येते आणि शेजारच्या रंगाशी कशी बसते ते कळतं. दोन गडद थर लागोपाठ आले तर ते एकच वाटतात. त्यांच्यामधे एक फिकट, अगदी पातळ कागद घातला की रेघ उठते. मोठ्या कामाला हात लावण्याआधी हा बदल करायला वेळ मिळतो.

भिंतीवरचा_कागद

इतिहासातली थोडी भर, कारण 'डेकोलाज' (चिकटवलेलं सोलून, फाडून काढणं) हा शब्द यासाठी सरसकट वापरला जातो. फ्रान्समध्ये रेमों एन्स आणि जाक व्हिलेग्ले १९४९ पासून पॅरिसच्या भिंतींवरची फाटलेली पोस्टरं उचलून आणत. रोममध्ये मिम्मो रोतेल्ला. त्यात व्हिलेग्ले यांची भूमिका निवडणाऱ्याची होती. फाडणारे वाटसरू, थर लावणारे पोस्टरवाले. ब्रॅडफर्ड दोन्ही कामं स्वतः करतात. आधी बांधतात, मग खणतात. २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयासाठी केलेलं 'पिकेट्स चार्ज' पाहा. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईवर पॉल फिलिपोतो यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेल्या गोलाकार चित्राची फलकांएवढी मोठी छपाई त्यांनी थरांत पुरली, वर रंगीत कागद आणि दोऱ्या चढवल्या आणि मग कापत, फाडत ते चित्र अर्धवट उघडं केलं. आठ भाग, वर्तुळाकार दालनात. तिथे खरवडण्याला अर्थ आहे, कारण खाली पुरलेलं काय आहे ते ठरवून पुरलेलं आहे. तुमच्या तळाच्या थरांत काय छापलेलं आहे याचाही विचार गोंदाइतकाच करा, असं मनापासून वाटतं. घासल्यावर अक्षराचा अर्धा काना किंवा चेहऱ्याची कड वर आली तर बघणारा तिथे थांबतो.

आणि पूर्वायुष्यातला व्यवसाय कोलाजमध्ये उतरणं ही नवी गोष्ट नाही. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राक यांनी १९१२ साली लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद चित्रात चिकटवला. ते घरं रंगवणाऱ्या कारागिराच्या घरातले आणि त्याच कामात शिकलेले. खोटं लाकूड रंगवणं हा त्या धंद्यातला रोजचा भाग होता.

खळ_आणि_कागद

छपाईवरून आठवलं. स्वतः छापलेला कागद थरांत घालणार असाल तर लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या. डाय शाईचा (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई) इंकजेट ओल्या गोंदात पसरतो आणि वरच्या दोन थरांनाही रंगवतो. टोनर पाण्याला दाद देत नाही. मात्र तोही उष्णतेने मऊ होतो, म्हणून गच्च काळ्या प्रिंटवर सँडर एका जागी रेंगाळू देऊ नका, काळा फराटा शेजारच्या रंगावर ओढला जातो.

वर्तमानपत्र वापरताना जपून. त्याच्या लगद्यात लिग्निन राहतं, ते प्रकाशात पिवळं पडून ठिसूळ होतं, आणि आम्ल शेजारच्या थरांतही शिरतं. तळाला पूर्ण झाकलेलं असेल तर फारसं बिघडत नाही. दिसणाऱ्या भागात तोच मजकूर हवा असेल तर आम्लरहित कागदावर त्याची झेरॉक्स काढून लावा.

धुळीचं कुणी लिहिलं नाही. ती नुसती कागदाची नसते. तीत चिनी माती, टोनर, छपाईचे रंग असतात, आणि जुन्या पोस्टरांच्या पिवळ्या-केशरी रंगांत शिसं असू शकतं. एफएफपी २ किंवा एन ९५ मुखपट्टी घट्ट बसवून घाला, सँडरला व्हॅक्यूम जोडा, आणि झाडू मारू नका; ओल्या फडक्याने टिपा. कागदाची बारीक धूळ पेटते, त्यामुळे व्हॅक्यूमची पिशवी भरू देऊ नका आणि जवळ ठिणगी नको.

कात्रणवही

घासून झाल्यावर पृष्ठभाग भुरभुरा राहतो, बोटाला पूड लागते. त्यावर काय द्यायचं?

उभाआडवा

पाणीदार काहीही ब्रशने देऊ नका. मिथाइल सेल्युलोज आणि खळ दोन्ही पाण्याने पुन्हा सैल होतात, ब्रश फिरला की उघड्या कडा उभ्या राहतात आणि रंगीत पूड चिखलासारखी पसरते. आधी पी २४० हाताने, एकाच दिशेने, अगदी हलका. मग मऊ कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने पूड काढा, खोल रेषांतली सुद्धा. त्यावर मॅट अ‍ॅक्रिलिक व्हार्निश फवारून, ३० सेंमी अंतरावरून, तीन पातळ हात, दर हातानंतर तासभर. पहिला हात इतका कोरडा जावा की पृष्ठभाग चमकता कामा नये. जिथे चमकला तिथे तो ओला झाला, आणि तिथलीच कड उचलली जाणार.

रंग या हाताने थोडे गडद होतात, एंड पेपरसारखा पातळ कागद तर जास्तच पारदर्शक होतो. म्हणून आधी नमुनापट्टीचा अर्धा भाग झाकून उरलेल्या अर्ध्यावर फवारा. फरक चालणारा असेल तरच मोठ्या कामावर जा.